डावरा विरुद्ध टोपीवाला

"आधी हात मिळवा."

दोन माणसं भांडताना दिसली की बापू हे म्हणत, आणि नुसतं म्हणून थांबत नसत. दोघांची मनगटं धरून पंजाला पंजा लावून देत, एक पाऊल मागे सरत, स्वतःचे तळवे मांडीवर पुसत आणि मग म्हणत, "हां. आता लावा." भांडण मिटवायला मध्ये पडणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. भांडण रीतसर सुरू करून देणारा मी हा एकच पाहिला.

आमची पहिली गाठ अशीच पडली. रविवारची सकाळ होती. साताऱ्याच्या आमच्या कॉलनीत, माझ्या स्कूटरपाशी उभे राहून मी आणि मगदूम तावातावाने बोलत होतो. मगदूम सांगलीकडचा, ऊसवाल्या जैन घरातला. सांगलीला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आम्ही एका खोलीत राहत होतो, आणि जगातला सगळ्यात थोर रॉक गिटारिस्ट कोण, हा वाद त्या खोलीत सुरू झाला. पुढे दोघांना साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पोटं सुटली, केस गेले. वाद राहिला. आम्ही दोघं गिटार वाजवतो. म्हणजे आमच्याकडे गिटारी आहेत.

बापूंना वाटलं, गाडी लावण्यावरनं जुंपली आहे. आमचे हात मिळवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुस्ती कशावरनं हाय?"

मी सांगितलं. मगदूमने दुरुस्ती केली. मी त्याची दुरुस्ती खोडली. बापूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "कवापास्नं चाललंय?"

"कॉलेजपासून."

"आनि निकाल?"

"तसा निकाल लागत नसतो हो बापू. ही आवडीनिवडीची गोष्ट आहे," मी समंजसपणे म्हणालो.

बापूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी नंतर फक्त डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहिली, माझा रिपोर्ट हातात असताना. "एवढी वर्सं," ते म्हणाले, "आनि बरोबरीत?"

आता बापू कोण, हे सांगायला हवं. निम्मं आयुष्य त्यांनी एसटी स्टँडवर माईकवरनं गाड्या पुकारण्यात घालवलं होतं. उरलेलं निम्मं, म्हणजे रजा टाकून, सातारा-सांगलीकडच्या जत्रांत कुस्तीची मैदानं पुकारण्यात. मल्ल आखाड्यात उतरला की त्याचं गाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद, त्याच्या बापाने कुणाला कधी आस्मान दाखवलं, हे सगळं हलगीच्या ठेक्यावर सांगायचं. पुढे दोन्ही नोकऱ्या त्यांच्या तोंडात मिसळल्या. जुने लोक सांगतात, सांगलीची गाडी ते अशी पुकारत: "फलाटावर उतरत्याय सांगली गाडी. कराडला दम खाऊन, उरुन-इस्लामपूरला भिडनार. म्होरं बगून चढा, मागनं पट काढू नका." एकदा विट्याची गाडी पंक्चर होऊन आली, तर तिच्यासाठी त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. साहेबांनी बोलावून समज दिली. बापू म्हणाले, "सायेब, पडून उठल्याय ती."

तर अशा माणसापुढे आम्ही आमची जोड ठेवली.

आमच्या उमेदवारांची नावं मी इथे घेत नाही. घेतली, तर तुमच्यातले निम्मे वाचक हा लेख इथेच टाकून बाह्या सरसावतील. शिवाय बापूंनी ती नावं पहिल्याच दिवशी रद्द केली. "जे नाव तोंडात मावंना, ते मैदानात कसं पुकारू?" असं म्हणून त्यांनी मोबाईलवरचे फोटो पाहिले आणि माझ्या माणसाला डावरा, मगदूमच्या माणसाला टोपीवाला करून टाकलं. त्यानंतर आमच्या कॉलनीत त्यांना दुसरं नाव उरलं नाही. भाजीवालीसुद्धा मला विचारायची, "काय म्हंतोय डावरा?"

मग दर रविवारी बापूंच्या ओट्यावर चहा आणि चौकशी सुरू झाली.

"वस्ताद कोन?"

"डावऱ्याला वस्ताद नाही. आपला आपण शिकला."

"तसं कोन शिकत नसतं इंजिनेर. तालमीच्या खिडकीतनं बगून शिकला आसंल." मी इंजिनिअर, म्हणून ते मला इंजिनेर म्हणत, आणि त्या शब्दाला जो एक बारीक चिमटा काढत तो मला चार वर्षांच्या डिग्रीभर कुणी काढला नव्हता. "खुराक काय हुता?"

डावऱ्याच्या खुराकाबद्दल मी घसा खाकरला. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. तेवढ्यात मगदूमने आपला टोपीवाला शुद्ध शाकाहारी असून सूर्यास्तानंतर काही खात नाही असं दडपून सांगितलं. बापू प्रसन्न झाले. त्यांनी आतल्या दिशेने हाक मारली, "ऐकलंस का, टोपीवाला सांजच्यानंतर जेवत न्हाई."

"बरं हाय बायकूला," आतून काकू म्हणाल्या.

मी हरत होतो. म्हणून मी डावऱ्याला रोज पहाटे उठून जोर काढायला लावलं.

बापू गिटार ऐकत ते डोळे मिटून, कानाजवळ मोबाईल धरून, शेजारच्या घरात काय चाललंय ते ऐकावं तसे. डावऱ्याचा एक लांबलचक तुकडा, ज्याच्यावरनं मी आयुष्य ओवाळून टाकायला तयार आहे, तो संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, "लय वेळ धरून ठेवलंय रं. पाडंना का?"

टोपीवाल्याबद्दल म्हणाले, "ह्यो दिसतोय बरा. पर मधीमधी बोंबलतंय ते कोन?"

"तो गायक आहे," मगदूम म्हणाला.

"पंच हाय व्हय? मग गप बसावं की त्यानं."

तुम्हाला वाटेल, म्हातारा आमची गंमत करत होता. आम्हालाही तसंच वाटायचं, आणि आम्ही मनातल्या मनात त्याची गंमत करायचो. दोन शिकलेले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालणारे गृहस्थ रविवारी त्या ओट्यावर जात, ते बापूंची नवी वाक्यं गोळा करून सोमवारी कँटीनमध्ये सांगायला. आम्ही आखाड्याबाहेर आहोत असा आमचा समज होता.

एका रविवारी मात्र बापूंनी चौकशी केली नाही. चहा झाला, तरी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी घालत बसले. घातली, मोडली, पुन्हा घातली.

"माईक काढून घ्यायला लागल्यात," ते म्हणाले.

त्यांचं गाव म्हसवडच्या अलीकडचं. तिथल्या भैरोबाच्या जत्रेचं मैदान ते मिसरूड फुटल्यापासून पुकारत आले होते. यंदा जत्रा कमिटीने सांगलीकडचा एक नवा निवेदक ठरवला होता. तो मध्येच गाणी लावतो, तोफेचे आवाज काढतो, त्याची मैदानं मोबाईलवर दिसतात. बापूंच्या बोलण्याला पोरं कंटाळतात, असं कमिटीचं म्हणणं पडलं. शेवटी कमिटीच्या अध्यक्षाने तोड काढली, ती अशी की अर्धं मैदान बापूंनी पुकारायचं, अर्धं त्या नव्याने, आणि पुढच्या सालापासून माईक कुणाचा ते पब्लिक ठरवेल.

"दुसऱ्या गावची किती मैदानं गेली, मी शबुद काढला न्हाई," बापू म्हणाले. "पर आपल्या गावचा माईक दुसऱ्याच्या तोंडाम्होरं आनि मी खाली पब्लिकमदी मांडी घालून..." टॉवेलची घडी त्यांच्या मांडीवर पडून राहिली.

मगदूमने बिस्किट पुढे केलं. माणसाला धीर देण्याची त्याची ती एकच पद्धत आहे.

बापूंनी बिस्किट घेतलं, चहात बुडवलं आणि एकदम म्हणाले, "पोरास्नी त्या गिटारीचं लय याड हाय म्हनं?"

"आहे," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक फजित्या अशाच एका शब्दाने सुरू झाल्या आहेत.

"मग लावूया की आपली जोड. माज्या अर्ध्यात. डावऱ्याकडनं तुमी, टोपीवाल्याकडनं सांगलीकर. निकाल तितंच."

इथे शहाण्या माणसाने काय करावं? नाही म्हणावं. मी घरी गेलो आणि गिटारीच्या नव्या तारा मागवल्या. सरावाला कुठे बसणार? बापूंच्याच ओट्यावर बसलो. दोन रविवार बापूंनी आमचा सराव ऐकला. एक अक्षर बोलले नाहीत. काकूंनी मात्र दार लोटून घेतलं.

जत्रेच्या दिवशी आखाडा भरगच्च भरला होता. तांबड्या मातीवर ताक, हळद, तेल शिंपडलेलं, चारी बाजूंनी माणूस, झाडावर माणूस, ट्रॅक्टरवर माणूस. पहिलं अर्धं त्या नव्या निवेदकाचं होतं. तोफा उडाल्या, गाणी वाजली, पोरं नाचली. बापू खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. फेटा त्यांनी दोनदा सोडून बांधला.

मग ते उभे राहिले. चार-सहा कुस्त्या त्यांनी त्यांच्या पद्धतीने, सावकाश, आजे-पणजे काढत पुकारल्या. पोरं उठून भेळेच्या गाड्यांकडे निघाली. कमिटीचा अध्यक्ष घड्याळ बघायला लागला. बापूंनी ते बघितलं, आणि आम्हाला खूण केली.

दोन टक्कल पडलेले इसम, गळ्यात इलेक्ट्रिक गिटारी, त्यांच्या वायरी स्पीकरवाल्याकडे गेलेल्या, अनवाणी, मातीत. मैदान आधी गप्प झालं आणि मग जे हसलं, ते मला अजून कधीकधी झोपेत ऐकू येतं. बापूंनी आमचे हात मिळवले. मूठभर माती उचलून आमच्या तळव्यांना लावली. हलगी सुरू झाली.

"ऐका मंडळी," बापूंचा आवाज कर्ण्यातनं निघाला, "आज जी कुस्ती लागत्याय, ती साता समिंद्रापल्याडची हाय. ह्या अंगाला डावरा. वस्ताद न्हाई, तालीम न्हाई, खिडकीतनं बगून शिकलेला. पहाटं उटून जोर काढनारा. त्येच्याकडनं हात टाकत्यात साताऱ्याचं इंजिनेर. त्या अंगाला टोपीवाला. सांजच्यानंतर अन्नाला शिवत न्हाई. त्येच्याकडनं सांगलीचं मगदूम. एवढी वर्सं लडत्यात, अजून कुनाची पाट लागली न्हाई."

मी वाजवायला लागलो. मगदूमही लागला असावा. कारण मला त्याचं काही ऐकू येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. हलगी कानाशी, कर्णे पब्लिककडे तोंड केलेले, त्यात बापू. बापू क्षणभर थांबले नाहीत. "डावऱ्यानं मानंला हात घातला. सोड, सोडू नगंस. आरं, टोपीवाला खालनं शिरला. बोटं बगा त्येची, बोटं. मंडळी, दम धरा, डावरा आता तार वडतोय, वडतोय, आजून वडतोय..." मी तार ओढत होतो. आयुष्यात कधी ओढली नाही एवढी ओढली. भेळेच्या गाड्यांकडची पोरं पळत माघारी आली. झाडावरचा माणूस खाली पडला आणि पुन्हा वर चढला. डावऱ्याच्या नावाने निम्मं मैदान ओरडत होतं, टोपीवाल्याच्या नावाने निम्मं. ज्यांनी जन्मात गिटार पाहिली नव्हती ते फेटे उडवत होते.

शेवटी आम्ही दोघं घामाघूम होऊन थांबलो. हलगी थांबली. सगळ्यांच्या नजरा बापूंवर.

कुस्ती बरोबरीत सोडणाऱ्या पंचाशी बोलायचं सोडलेला हा माणूस. त्याने आमचे दोघांचे हात धरले. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला खरंच वाटलं, माझाच हात वर जाणार.

"निकाल," बापू म्हणाले, आणि मैदान थिजलं. "निकाल राखून ठेवन्यात येतोय. पुढच्या जत्रंत, ह्याच मातीत, ह्याच माईकवर."

जो गलका झाला त्यात कमिटीच्या अध्यक्षाला धावत येऊन बापूंना नारळ द्यावा लागला. पुढच्या सालचं सगळं मैदान बापूंचं, हे त्याला त्याच माईकवरनं बोलावं लागलं. बापूंनी नारळ कपाळाला लावला. त्यांचे डोळे भरले होते, आणि मी कँटीनमध्ये सांगितलेली त्यांची सगळी वाक्यं मला त्या क्षणी एकदम मिळमिळीत वाटली.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वैभवाचं. म्हसवडपासून साताऱ्यापर्यंत ओळखीचे-अनोळखी लोक थांबवून सांगायचे, "लय वाजवलं गड्या तुमी." एक जुना पैलवान, ज्याचे कान कुस्तीने मोडलेले, म्हणाला, "असलं वाजवनं मी बगितलं न्हवतं." मी नम्रपणे मान हलवायचो. नम्रपणा मला फार शोभत होता असं बायको सोडून सगळ्यांचं मत पडलं.

रविवारी ओट्यावर आम्ही बापूंना छळायचो. "बापू, आम्हाला तरी सांगा. डावरा की टोपीवाला?"

"पुढच्या जत्रंत," बापू म्हणत, आणि काकूंना चहा टाकायला सांगत.

दिवाळी झाली आणि बापू गेले. झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी कॉलनीत पाण्याच्या टाकीवरनं दोघं भांडत होते, त्यांचे हात मिळवून देऊन घरी गेले होते.

जत्रा आली. माईक त्या सांगलीकडच्या निवेदकाकडे गेला. माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतः फोन केला, "बापूंची ती कुस्ती राहिलीय. पब्लिक इचारतंय. याल का?" आम्ही जाणारच होतो. आम्ही एक वर्ष सराव केला होता.

आखाड्यात उतरायच्या आधी स्पीकरवाला वायरीचं भेंडोळं घेऊन माझ्याजवळ आला. गेल्या वर्षीचाच माणूस. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "या साली लावायची का?"

"काय लावायची?"

"तुमची वायर. गेल्या साली कर्ण्याच्या अंगाला न्हवती लावली."

मला कळेना. मगदूमला आधी कळलं, कारण तो खाली बसला.

"बापूंनीच सांगितलं हुतं," स्पीकरवाला म्हणाला. "म्हनालं, दोगांच्याबी वायरी मोकळ्या सोड. ऐकू आलं तर पब्लिकच निकाल लावंल, आनि कुस्ती तितंच मोडंल."

मी वर्षभर घेतलेल्या शाबासक्या माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून परत गेल्या. त्या पैलवानाने "बगितलं" म्हटलं होतं. बरोबरच होतं त्याचं. पाहण्यासारखं तेवढंच होतं.

"नको लावू," मगदूम जमिनीवरनं म्हणाला. "बापूंनी ठेवलंय तसं राहू दे. आपण नुसते हात हलवू, हा बोलेल काहीतरी."

शहाणा माणूस तेच म्हणाला असता. पण माझ्या डोक्यात वर्षभराचं वैभव बसलं होतं, आणि डावऱ्याचं नाव होतं, आणि एवढा सराव. मी स्पीकरवाल्याला म्हणालो, "लाव."

त्याने लावली.

फार वेळ लागला नाही. कर्ण्यातून पहिला सूर निघाला तेव्हा झाडावरची पाखरं गेली. दुसऱ्याला झाडावरचा माणूस गेला. नव्या निवेदकाने बोलायचा प्रयत्न केला, पण आमच्या आवाजात त्याचं काही ऐकू येईना, आणि बोलण्यासारखं त्यालाही काही सापडत नव्हतं. भेळेच्या गाड्यांकडे रांगा लागल्या. हलगीवाल्याने हलगी खाली ठेवली, तंबाखू काढली. आम्ही दोघं थांबलो तेव्हा समोर मोडक्या कानांचा तो पैलवान तेवढा उरला होता. सभ्यपणे बसून होता.

"गेल्या साली बरं हुतं," तो म्हणाला. "औंदा काय झालं?"

निवेदक भला. त्याने माईकवरनं जाहीर केलं, "कुस्ती बरोबरीत सोडवन्यात येत हाय." टाळ्या झाल्या. बापू असते तर त्याच्याशी बोलले नसते.

मगदूमच्या गाडीतून आम्ही साताऱ्याकडे परतत होतो. मागच्या सीटवर दोन गिटारी एकमेकींवर आपटत होत्या. दहिवडी गेली, एक चढ लागला आणि मगदूम घसा साफ करत म्हणाला, "कसं आहे, असला कर्णा टोपीवाल्याला दिला असता ना, तरी त्याने..."

"टोपीवाल्याने काय केलं असतं ते मला सांगू नकोस."

"डावऱ्याच्याच नादाने तू वायर लावलीस."

"डावऱ्याचं नाव काढू नकोस."

मगदूमने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आम्ही दोघं उतरलो. तो गाडीला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तळवे पँटवर पुसले, पँटला तांबडी माती लागली, आणि त्याने हात पुढे केला.